देवीसुद्धा वर्षातून तीनदा झोपते

मराठी टीव्हीवरचं देवभक्त घर ओळखायला दोन मिनिटं पुरतात. पहाटेचा सोनेरी उजेड, अंगणात ओली रांगोळी, तुळशीपाशी काठापदराच्या साडीतली आई आणि तिच्यामागे हात जोडून उभी असलेली पोरं. पोरांचे भांग पाडलेले. कुणाला शेंबूड नाही, कुणी अंथरूण ओलं केलेलं नाही, शाळेत जायचं नाही म्हणून कुणी भोकाड पसरलेलं नाही. आई काहीतरी समजावून सांगते, पोरगं डोळे मोठे करून ऐकतं आणि त्याला पटतं. लगेच पटतं. मागे बासरी वाजते.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात याला 'हॅपी पाथ' म्हणतात. युजर बरोबर पासवर्ड टाकतो, नेट चालू असतं, सर्व्हर जिवंत असतो आणि स्क्रीनवर सगळं हिरवंगार दिसतं. तेवढंच तपासून जो माणूस प्रॉडक्ट बाजारात सोडतो त्याला शुक्रवारी रात्री फोन येतात आणि सोमवारी बोलणी बसतात. टीव्हीवर मात्र त्याला प्राइम टाइमचा स्लॉट मिळतो.

आधीच सांगतो, माझं भांडण भक्तीशी नाही. मी कळंब तालुक्यातल्या एका गावचा. आमची कुलस्वामिनी तुळजाभवानी. घरात लग्न झालं की गोंधळ घालायचा, नवरात्रात घट बसवायचे, हे मी पुण्यात राहूनही चुकवत नाही. आईच्या फोनवर देवीच्या आरतीची रिंगटोन आहे आणि ती मीच लावून दिली आहे. माझं भांडण आहे ते त्या तुळशीपाशी उभ्या केलेल्या घराशी, आणि त्याहून जास्त त्याच्या नावाखाली जे विकलं जातं त्याच्याशी. ही मालिका स्वतःला नुसती करमणूक म्हणवून घेत नाही. सहकुटुंब बघण्यासारखी, मुलांवर संस्कार करणारी, आपली संस्कृती जपणारी, अशा पाट्या लावून ती घरात शिरते. म्हणजे ती सल्ला देते. देव मानणाऱ्या घरात मुलं कशी वाढतात, याचा नमुना ती रोज रात्री लाखो घरांसमोर ठेवते. आणि हा नमुना खोटा आहे. नास्तिकाच्या नजरेतून तर तो खोटा आहेच, पण माझी तक्रार ती नाही. तो आपल्याच देवांच्या आणि संतांच्या गोष्टींना खोटा पाडतो.

२०२४ च्या घटस्थापनेला कलर्स मराठीवर 'आई तुळजाभवानी' सुरू झाली, तेव्हा आमच्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर प्रोमो नुसता धो धो वाहत होता. साहजिक आहे. धाराशिव जिल्हा एरवी बातमीत येतो तो दुष्काळासाठी, नाहीतर नावावरून चाललेल्या वादासाठी. पण ते प्रोमो फॉरवर्ड करताना किती जणांना आठवलं असेल की तुळजापूरची मूळ कथा कुणाची आहे?

ती अनुभूतीची आहे. कर्दम ऋषींची बायको. नवरा वारल्यावर ती सहगमनाला निघाली, तेव्हा तिला थांबवण्यात आलं, कारण पदरात तान्हं मूल होतं. पुढे ती तपाला बसली. तिथं कुकुर नावाचा दैत्य तिच्या वाटेला गेला आणि तिनं देवीचा धावा केला. देवी त्वरेनं धावून आली म्हणून त्वरिता, तिची तुरजा, तिची तुळजा. कथा आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे, पण ती सावकाश ऐकून बघा. महाराष्ट्राच्या कुलस्वामिनीचं ठाणं एका विधवा बाईच्या हाकेवर उभं आहे. लहान लेकराची आई, घरात पुरुष नाही, आणि एकटी आहे म्हणून कुणीतरी तिच्यावर हात टाकायला बघतंय. देवी आली ती अशा बाईसाठी. तिच्याकडे चौसोपी वाडा नव्हता, सासू-सासरे नव्हते, तुळशीपाशी रांगेत उभं राहिलेलं खानदान नव्हतं.

आता माझ्या मावसबहिणीचं सांगतो. ती धाराशिव शहरात राहते. नवरा चार वर्षांपूर्वी अपघातात गेला. मुलगी आठ वर्षांची. बहीण एका दवाखान्यात रिसेप्शनला बसते, घरी येऊन ब्लाउज शिवते. गेल्या वर्षी एका घरगुती कार्यक्रमात पोरीनं मोठ्यांना उलट उत्तर दिलं. उत्तर काय, तर 'मला नको आहे' एवढंच. त्यावर नात्यातल्या एक आजी सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "घरात बाप न्हाई, मायीला दिवा लावायला टाइम न्हाई, लेकराला वळण कुठून लागायचं?" कुणीही काही बोललं नाही. बहीण पण बोलली नाही, ती ताटं उचलत राहिली.

त्या आजी वाईट नाहीत. रोज संध्याकाळी सात ते साडेनऊ त्या टीव्हीसमोर असतात आणि तिथं वळण कसं लागतं ते त्यांनी पाहिलेलं आहे. त्यासाठी बाप लागतो, देवघर लागतं आणि दिवसभर घरात असलेली आई लागते. त्या आजी दर मंगळवारी तुळजाभवानीचा उपवास धरतात. अनुभूतीची गोष्ट मी लहानपणी पहिल्यांदा ऐकली ती त्यांच्याच तोंडून. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात शेजारी शेजारी राहतात आणि एकमेकींना भेटत नाहीत. टीव्हीनं काय केलं ते यात आहे.

आणखी एक ऐकलं. पोरीनं एकदा आईला विचारलं, "तू मालिकेतल्या आईसारखी हळू का बोलत नाहीस?" बहीण म्हणाली, "तिला सकाळची एसटी पकडायची नसती."

आमच्या जिल्ह्यातलं दुसरं मोठं देवस्थान तेरचं. तेर म्हणजे जुनं तगर, रोमपर्यंत व्यापार करणारं गाव. पण आमच्यासाठी ते गोरोबाकाकांचं. संत गोरा कुंभार हे देवभक्त कुटुंबप्रमुखाचं याहून ठसठशीत उदाहरण काय असणार? आणि त्यांच्या घरातली सगळ्यात प्रसिद्ध घटना कोणती? बाप विठ्ठलाच्या नामात दंग होऊन चिखल तुडवत होता आणि रांगत आलेलं स्वतःचं मूल त्याच्या पायाखाली गेलं.

ही गोष्ट मी सहाव्या-सातव्या वर्षी गावच्या सप्ताहात ऐकली. कीर्तनकार बुवांनी काहीही झाकलं नाही. संती पाण्याला गेली होती, ती परत येते, चिखलाचा रंग बघते आणि किंचाळते. ती नवऱ्याला बोलते, देवाला बोलते. भजन मोडलं म्हणून नवरा उलट तिच्याच अंगावर धावून जातो, तेव्हा ती त्याला विठ्ठलाची शपथ घालते की मला शिवायचं नाही. मंडपात पन्नास-साठ पोरं बसलेली असतील. कुणाच्या मनावर परिणाम झाला नाही. उलट एक गोष्ट त्या दिवशी डोक्यात पक्की बसली की देवाचं नाव घेणाऱ्या माणसाचंही पोराकडे दुर्लक्ष होऊ शकतं, आणि तसं झालं तर त्याच्या बायकोला ओरडायचा हक्क आहे. पुढे पंढरपुरात चमत्कार होतो, मूल परत मिळतं, तुटलेले हात परत येतात, हे खरंच. पण चमत्कार व्हायच्या आधी गोष्ट आईला पूर्ण बोलू देते. तिची शपथ इतकी खरी मानली जाते की ती पाळता पाळता गोरोबा स्वतःचे हात तोडून घेतात. आजच्या मालिकेत आईला एवढा राग येऊच दिला जात नाही. ती डोळ्यांत पाणी आणते आणि देवघराकडे बघते.

कुणी म्हणेल, जुन्या काळी चालायचं, पडद्यावर असलं दाखवता येत नाही. दाखवलेलं आहे, आणि तेही १९३६ साली. पुण्याच्या प्रभात कंपनीचा दामले-फत्तेलाल यांचा 'संत तुकाराम' यूट्यूबवर आहे, आज रात्री बघा. त्यातली जिजाई म्हणजे आवली. घरात दाणा नाही, पोरगं आजारी, नवरा अभंगात. ती आजारी पोराला ओढत देवळात नेते आणि विठोबाला पायतण उगारून दाखवते. सिनेमा धार्मिक आहे, भक्तिरसानं थबथबलेला आहे, लोकांनी डोक्यावर घेतला, व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. त्या पायतणामुळे कुणाच्या भावना दुखावल्याचं ऐकिवात नाही, कारण बघणाऱ्यांतल्या निम्म्या बायकांना ते पायतण स्वतःच्या हातात दिसत होतं. तुकोबांचा संसार होताच तसा. १६३० च्या दुष्काळात पहिली बायको गेली, मुलगा गेला. आणि ती उसाची गोष्ट. तुकोबा उसाची मोळी घेऊन निघतात, वाटेत पोरांना वाटत वाटत घरी एकच कांडं येतं, आणि आवली तेच त्यांच्या पाठीत घालते. आपण ती गोष्ट संताच्या शांतपणासाठी सांगतो. पण घरातल्या पोरांच्या बाजूनं बघा ना. गावातल्या सगळ्या पोरांना ऊस मिळाला आणि यांना आईच्या संतापाखेरीज काही नाही. त्या घरात मुलं वाढवायची म्हणजे काय, हे आवलीला माहीत होतं.

'श्यामची आई'चं नाव तर या मालिकावाल्यांनी घ्यायलाच नको. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ते पुस्तक लिहिलं आणि तेव्हापासून संस्कार म्हटलं की आपण तेच पुढे करतो. पण पुस्तक उघडून बघितलं तर त्यातली निम्मी वेदना पैशाची आहे. सावकाराचा माणूस दारात येऊन आईचा अपमान करतो. श्याम चोरी करतो, पळून जातो, खोटं बोलतो. आई शेवटी आजारपणात आणि कर्जाच्या काळजीत मरते. १९५३ च्या अत्र्यांच्या सिनेमानंही ते कर्ज सोडलं नाही, आणि त्याच सिनेमाला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं. मालिकांनी तिथून काय घेतलं? रडणं घेतलं. कर्ज तिथंच ठेवून आल्या.

यांचं यंत्र कसं चालतं ते एकदा लक्षात आलं की सगळीकडे दिसायला लागतं. दुःख तर हवं, नाहीतर रोज अर्धा तास भरायचा कशानं? पण ते परिस्थितीतून येऊन चालत नाही. पाऊस पडला नाही, बँकेनं नोटीस दिली, जातीनं वाळीत टाकलं, बापाला दारू लागली, असली कारणं नकोत, कारण त्यांना उत्तर शोधायचं तर व्यवस्थेकडे बोट जातं, आणि व्यवस्थेकडे बोट गेलं की जाहिरातदार अस्वस्थ होतात. मग एक काकू आणायची. किंवा आत्या. मोठं कुंकू, तिरकी नजर, एंट्रीला वेगळं संगीत. घरातलं सगळं वाईट तिच्या पोटात भरायचं. आईच्या भक्तीची परीक्षा ती काकू घेते, देव शेवटच्या दोन मिनिटांत दिवा फडफडवून कौल देतो. मुलं या सगळ्यात असतात ती साक्षीदार म्हणून. त्यांचा अभ्यास नसतो, भूक नसते, मोबाइलचा हट्ट नसतो, आणि मुख्य म्हणजे त्यांना प्रश्न नसतात. चौघं भावंडं आठवा, आळंदीची. आईबापांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं गेलं, पोरं उघड्यावर पडली, शुद्धिपत्रासाठी पैठणला गेली. त्या चौघांतली सगळ्यात धाकटी मुक्ताई मोठ्या भावाला समजावते, नामदेवांसारख्याची परीक्षा घ्यायला गोरोबाकाकांना लावते, आणि आमचे काका थापटणं घेऊन संतांची डोकी मडक्यासारखी ठोकून बघतात. इतकी आगाऊ मुलगी आजच्या संस्कारी मालिकेत असती, तर तिला सुधारण्यात वीस एपिसोड गेले असते.

हे फक्त आपल्याकडंच आहे असं नाही. अमेरिकेत 'सेव्हन्थ हेवन' नावाची मालिका १९९६ ते २००७ चालली. पाद्र्याचं घर, सात मुलं, दर आठवड्याला एक नैतिक अडचण आणि तासाभराच्या आत तिचा निकाल. पण त्याच देशात १९७२ मध्ये 'द वॉल्टन्स' सुरू झाली होती. तीही सोज्ज्वळच, सहकुटुंब बघण्यासारखी. फक्त ती महामंदीतल्या डोंगराळ खेड्यात घडते, पैशांची चणचण प्रत्येक भागात घरात बसलेली असते, आणि आई कट्टर धार्मिक असली तरी बाप चर्चला जात नाही. तरी ते घर चालतं, पोरं वाढतात. म्हणजे सोज्ज्वळपणा आणि खरेपणा एका घरात नांदू शकतात. आपल्याला कुणी ते करायला नाही म्हटलेलं नाही.

यावर मला दोन उत्तरं नेहमी मिळतात. पहिलं, माणसं दिवसभर राबून येतात, त्यांना रात्री थोडा विसावा हवा असतो, तू का त्यांच्या मागे लागतोस? विसाव्याला माझी ना नाही. पण आमच्याकडच्या माणसांना दुःखाची गोष्ट झेपत नाही, हे चॅनेलला सांगितलं कुणी? ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे सास्तूर-किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा गणपती विसर्जन करून लोक नुकतेच झोपले होते. त्यानंतर कितीतरी मुलं आजीनं वाढवली, मामानं वाढवली, शेजाऱ्यांनी वाढवली. आदल्या रात्री ज्याला निरोप दिला त्याच गणपतीला पुढच्या वर्षी त्यांनी परत आणलं. देवभक्त कुटुंबात मुलं कशी वाढतात याचा तो आमच्या जिल्ह्यातला खराखुरा धडा आहे आणि त्यावर आजवर एकाही चॅनेलनं तीनशे भाग केलेले नाहीत. ही माणसं सप्ताहात गोरोबांची गोष्ट दरवर्षी ऐकतात आणि ऐकून हलकी होऊन घरी जातात. विसावा असाही मिळतो.

दुसरं उत्तर जरा जास्त चलाख आहे. निदान या मालिकांत सासू-सुनेचं विष तर नाही, आजकालच्या मोबाइलवरच्या घाणीपेक्षा बरं. माझ्या वयाची मुलंही हे म्हणतात, स्वतः रात्री दोनपर्यंत रील बघून. मोबाइलवरची घाण ही घाण आहे हे आईला माहीत असतं. ती हातातून फोन काढून घेते. तुळशीपाशी उभं असलेलं ते घर मात्र ती आदरानं बघते, आणि टीव्ही बंद करून आपल्या घराकडे वळते तेव्हा तिला आपलं घर कमी दिसतं. देव कमी पडला असं तिला वाटत नाही, मीच कमी पडले असं वाटतं. आमच्या आयांच्या पिढीला हा हिशेब पाठ झालाय. पोराला कमी मार्क पडले, पोरगी उलट बोलली, पोरगं पुण्यात जाऊन फोन करत नाही, सगळं शेवटी आईच्या संस्कारांच्या खात्यावर नावे पडतं. मालिकेतली आई थकत नाही ना. ती कधी आडवी झालेली तुम्ही पाहिली आहे का? आजारी पडते तेवढीच, आणि तेही कुणीतरी दुधात काहीतरी घातलं म्हणून.

तुळजापूरची देवी झोपते. वर्षातून तीनदा. नवरात्राआधी घोरनिद्रा, दसऱ्याचं सीमोल्लंघन झालं की पौर्णिमेपर्यंत श्रमनिद्रा, आणि पौषात शाकंभरी नवरात्राआधी मोहनिद्रा. मूर्ती चल आहे, ती सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवतात. महिषासुराशी नऊ दिवस लढून दमली म्हणून तिला झोप हवी, हे आमच्या पूर्वजांना इतकं उघड वाटलं की त्यांनी त्यासाठी नुसता पलंगच नाही, तर झोपेला वेगवेगळी नावंही दिली. शेकडो वर्षं लाखो लोक जाऊन त्या झोपलेल्या आईचं दर्शन घेतात आणि कुणालाही त्यात कमीपणा दिसत नाही. आई दमते, हे ज्या धर्माला कळतं त्याच धर्माच्या नावानं न दमणारी आई रोज रात्री दाखवायची, याला मी भक्ती म्हणायला तयार नाही.

तेव्हा फुकटात एक कथा देतो, कुणाला करायची असेल तर करा. कोजागिरीला देवी श्रमनिद्रेतून उठते. चालत तुळजापूरला गेलेली माणसं पायाला फोड घेऊन परत येतात, आणि थोड्याच दिवसांत आमच्या भूम-वाशी-कळंबच्या बालाघाटावरची कितीतरी घरं ट्रॅक्टरवर चढतात, ऊसतोडीला. मुकादमाची उचल आधीच घेऊन खर्च झालेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. लहान लेकरू बरोबर, शाळेत जाणारं आजीपाशी. उसाच्या फडाशेजारी पाचटाची कोप उभी राहते आणि कोपीत पहिली वस्तू लागते ती देवीची तसबीर. देवभक्त कुटुंब आहे, मुलं वाढवतंय. काकू नको, आत्या नको, मुकादम आहे, वजनकाटा आहे, गावाकडे आजीचा फोन लागत नाही एवढं नाट्य तुम्हाला पाच वर्षं पुरेल. आवलीच्या पोरांना न मिळालेला ऊस इथं चारी बाजूंना उभा आहे.

पहिल्या भागाचा शेवटही सांगून ठेवतो. रात्री उशिरा गाडी भरून आई कोपीत येते. लेकरू जागंच असतं, गोष्ट सांग म्हणतं. ती अनुभूतीची गोष्ट सुरू करते. दैत्य येतो, बाई धावा करते, आणि देवी निघाली एवढं म्हणेपर्यंत आईचा डोळा लागतो. लेकरू थोडा वेळ वाट बघतं. मग तिच्या पायातले काटे चाचपडत एक एक काढायला लागतं.